अभिप्रायाच्या चार ओळी

शाळकरी मुलांच्या पुरस्कारांचे अर्ज ज्यांनी कधी भरले असतील, त्यांना ती जागा ठाऊक असेल. विद्यार्थ्याचे संपूर्ण नाव, इयत्ता व तुकडी, जन्मतारीख, कलाप्रकार, यापूर्वी मिळालेली बक्षिसे, प्रमाणपत्रांच्या साक्षांकित प्रती असे सगळे रकाने संपले, की शेवटी चार ओळींची मोकळी जागा असते. तिच्या डोक्यावर छापलेले असते, ‘शिफारस करणाऱ्या शिक्षकाचा अभिप्राय’. वरचे रकाने शाळेतला कारकूनही भरू शकतो. या चार ओळी मात्र अशा असतात की, एका मोठ्या माणसाने एका मुलाकडे खरोखर पाहिले आहे की नाही, हे त्यांत लपत नाही.

मी कथक शिकवते. आठवड्यातले दोन दिवस एका माध्यमिक शाळेत आणि उरलेल्या संध्याकाळी माझ्या स्वतःच्या वर्गात. त्यामुळे दरवर्षी सहामाहीच्या आगेमागे नृत्याच्या शिफारशींचे काम ओघानेच माझ्याकडे येते. संगीताचे सर, पी.टी.चे सर आणि मी असे तिघे बसतो आणि नाव ठरवतो. बाहेरून हे काम किरकोळ वाटेल. वर्गात शंभर मुले नाचणारी थोडीच असतात, असे कुणी म्हणेल. पण इतक्या वर्षांच्या अनुभवाने सांगते, शंभर मुलांतून दहा निवडणे सोपे, दोघांतून एक निवडणे अवघड.

आपल्याकडे मुलांच्या कलागुणांना वाव देणाऱ्या योजना नाहीत, असे म्हणता येणार नाही. दिल्लीच्या सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्राची, म्हणजे ‘सीसीआरटी’ची स्थापना १९७९ ची. या केंद्राच्या प्रतिभा शोध योजनेतून १९८२ पासून १० ते १४ वर्षांच्या मुलांना शिष्यवृत्त्या मिळू लागल्या आणि त्यांत परंपरेने कला जोपासणाऱ्या घराण्यांतील मुलांसाठी वेगळ्या जागा ठेवल्या गेल्या. नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारने २०१५ साली ‘कला उत्सव’ सुरू केला. शाळा, जिल्हा, राज्य आणि मग राष्ट्रीय पातळी अशी त्याची चढण. शिवाय अलीकडे आपल्या राज्यात शास्त्रीय नृत्याच्या परीक्षा दिलेल्या आणि लोककला सादर करणाऱ्या मुलांना दहावीला वाढीव गुण मिळू लागले. गावोगावच्या संस्थांचे, ट्रस्टांचे, मंडळांचे लहानमोठे पुरस्कार आहेत ते वेगळेच.

या सगळ्या शिड्यांची पहिली पायरी एकच, ती म्हणजे शाळा. पायरीवर कोण उभे राहणार ते वर बसलेले परीक्षक ठरवत नाहीत. ते तुमच्या-माझ्यासारखे शिक्षक ठरवतात, बहुधा मधल्या सुट्टीत, चहाचा कप हातात घेऊन.

आणि तिथेच खरी गोम आहे. शाळेला नाचणारी मुले दिसतात ती गॅदरिंगला. त्या दिवशी कोण उठून दिसते? जिचा पोशाख भाड्याचा नसून स्वतःचा शिवलेला असतो ती. जी पहिल्या रांगेत असते ती. जिच्या आईने दुपारपासून बसून मेकअप केलेला असतो ती. यात त्या मुलीचा दोष काही नाही. ती चांगलीही नाचत असेल. पण रंगमंचावरची पाच मिनिटे पाहून गुण ओळखणे म्हणजे लग्नाच्या पंगतीत बसून घरच्या स्वयंपाकाची परीक्षा करण्यासारखे आहे. मुलाचे नाच खरे कळते ते तालमीत, घामाच्या कपड्यांत, आरसा नसलेल्या वर्गात, चुकल्यानंतरच्या क्षणी.

प्रमाणपत्रांचेही तसेच. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आपल्याकडे घरोघरी माहीत आहेत. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण आणि पुढे विशारद. सातव्या-आठव्या वर्षी घुंगरू बांधलेली मुलगी नियमाने परीक्षा देत गेली तर दहावीपर्यंत मध्यमेला पोचते. या परीक्षांनी मध्यमवर्गीय घरांत नृत्याला शिस्त आणली, प्रतिष्ठा आणली. १९४७ साली पुण्यात रोहिणी भाटे यांनी ‘नृत्यभारती’ सुरू केली, त्या काळी चांगल्या घरच्या मुलीने नाचणे म्हणजे काय, हा प्रश्न लोक उघडपणे विचारीत. आज तो विचारला जात नाही, यात अशा गुरूंचा आणि या परीक्षांचा मोठा वाटा आहे. पण प्रमाणपत्र हे मुलगी किती वर्षे शिकली ते सांगते आणि घरच्यांनी किती वर्षे फी भरली, हेही सांगते. ज्याच्या घरी फी भरणे शक्य नव्हते, त्याच्या अर्जात तो रकाना रिकामा राहतो. रिकाम्या रकान्याचा अर्थ ‘येत नाही’ असा लावायचा का?

काही वर्षांपूर्वी हा प्रश्न माझ्यासमोर नुसता प्रश्न म्हणून उरला नाही. आमच्या विभागातल्या एका संस्थेने माध्यमिक शाळांसाठी कला पुरस्कार जाहीर केला होता. संगीत, नाट्य, चित्रकला आणि नृत्य. प्रत्येक शाळेने प्रत्येक कलेसाठी एकच नाव पाठवायचे. निवड झालेल्या विद्यार्थ्याला दोन वर्षे शिक्षणासाठी मदत, शिवाय एका मोठ्या कार्यक्रमात स्वतंत्र सादरीकरण. आमच्याकडे नावे दोन होती.

पहिली दहावीतली मुलगी. माझ्याच वर्गात नऊ वर्षे शिकलेली. तत्कार स्वच्छ, पढंत खणखणीत, तिहाई घेऊन समेवर आली की पाहणाऱ्याची मान आपोआप हलावी. मेहनती, अबोल. तिच्या आईवडिलांनी पोटाला चिमटा काढून तिला शिकवले होते, तेव्हा ‘श्रीमंताची पोर’ म्हणून तिला बाजूला सारण्याचीही सोय नव्हती.

दुसरा नववीतला मुलगा. वडील एका सोसायटीत रखवालदार, मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले. हा मुलगा दरवर्षी गणपतीला गावी जायचा आणि काकांच्या मंडळात जाखडी नाचायचा. जाखडी, म्हणजे मुंबईकर ज्याला बाल्या डान्स म्हणतात तो. मधोमध मृदंग आणि गाणारे, भोवती नाचणाऱ्यांचे रिंगण, एका पायात चाळ. शक्ती-तुऱ्याचे सवाल-जवाब रंगले की रात्र कशी सरते ते कळत नाही. शाळेत मात्र हा मुलगा कुठल्याच नाचात नव्हता. मला तो दिसला तो योगायोगाने. मुली तीनतालात चक्करदार घोटत होत्या आणि हा दारात उभा राहून, चपलेचा एक पाय आपटत, त्यांच्या आधी समेवर येत होता.

मी त्याला आत बोलावले. शास्त्रीय त्याला एक अक्षर येत नव्हते. मी संगीताच्या सरांना तबल्यावर साधा ठेका धरायला सांगितले आणि त्याला जे येते ते करायला सांगितले. मग सरांना खूण केली. त्यांनी लय हळूहळू उतरवली, अगदी रेंगाळेपर्यंत. जलद लयीत नाचणे मुलांना सोपे जाते, वेगच त्यांना वाहून नेतो. लय उतरली की अंगातला तोल उघडा पडतो. हा पडला नाही. शेवटी सरांनी ठेका पूर्ण थांबवला. बारा-पंधरा आवर्तने तो नुसत्या स्वतःच्या पायाच्या आवाजावर नाचत राहिला आणि सरांनी पुन्हा हात टाकला तेव्हा दोघे एकाच मात्रेवर होते. सरांनी माझ्याकडे पाहिले. बोलण्यासारखे काही उरले नव्हते.

हीच कसोटी मी त्या मुलीलाही लावली. तीही उतरली. लय थांबली तेव्हा तिची किंचित चलबिचल झाली, पण एका आवर्तनात तिने स्वतःला सावरले. चुकल्यानंतर चेहऱ्यावर चूक न येऊ देता परतणे, हीसुद्धा मोठी कमाई असते. म्हणजे आता दोघेही पात्र.

मुख्याध्यापिकाबाईंचे म्हणणे सरळ होते. ‘बाई, जिंकून येईल ते नाव द्या. शाळेचं नाव व्हायला हवं.’ पी.टी.च्या सरांची शंका वेगळी. ‘जाखडी एकट्यानं कशी नाचणार? ते तर रिंगणाचं नृत्य.’

सरांची शंका पोकळ नव्हती. आपली बहुतेक लोकनृत्ये एकट्याची नाहीतच. डहाणू-जव्हारकडचा वारल्यांचा तारपा घ्या. तारपा वाजवणाऱ्याभोवती एकमेकांच्या कमरेला हात घातलेली साखळी फिरते आणि सूर बदलला की पावलेही बदलतात. त्या साखळीतून एक कडी काढून रंगमंचावर उभी केली आणि तिला गुण दिले, तर आपण नेमके काय मोजले? पुरस्काराचे अर्ज ‘विद्यार्थ्याचे नाव’ विचारतात, ‘विद्यार्थ्यांची’ नव्हे. कला उत्सवाच्या नियमांतही सुरुवातीला गट होते, २०१८ पासून काही वर्षे एकेकट्याचे सादरीकरण आले. योजना आखणाऱ्यांनाही हा पेच पडलेला आहे.

माझ्यापुढे आणखी एक पेच होता आणि तो मी त्याच बैठकीत मांडला. ती मुलगी माझी शिष्या. तिचे वडील मला फी देत. तिचे नाव गेले असते तर माझ्या वर्गाच्या पाटीवरही एक ओळ वाढली असती. माझ्या मते जो शिकवतो त्याने निवडू नये. तालुक्या-जिल्ह्यांच्या स्पर्धांत ‘अमुकच्या क्लासची मुलगी’ ही कुजबुज ऐकू येते, ती इथेच जन्मते. मी म्हटले, मी दोघांबद्दल जे पाहिले ते सांगेन, निर्णय तुम्ही दोघांनी घ्या. संगीताच्या सरांनी आणि पी.टी.च्या सरांनी तासभर खल केला आणि मुलाचे नाव दिले. त्यांचे कारण मला आजही पटते. मुलीला पुढची दारे ठाऊक आहेत आणि ती ठोठावणारे आईवडील आहेत. मुलाला हे दार आहे हेच ठाऊक नाही.

वाचकांपैकी अनेकांना हा निर्णय अन्यायाचा वाटेल. गुणवत्तेच्या निवडीत परिस्थितीचा विचार का, असे ते विचारतील. प्रश्न रास्त आहे. दोघांच्या गुणांत उघड अंतर असते तर मीही तेच विचारले असते. पण मुलांचा पुरस्कार हा झालेल्या कामाचा मोबदला नसतो. तो पुढच्या वाटेचे भाडे असतो. यमुनाबाई वाईकरांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार १९९५ मध्ये मिळाला, पद्मश्री २०१२ मध्ये. त्यांचा जन्म १९१५ चा. लहानपणापासून लावणीवर अदा करणाऱ्या बाईंकडे दिल्लीची नजर वळली तेव्हा त्या ऐंशीच्या घरात होत्या. त्या पुरस्काराने बाईंचा सन्मान झाला, आपलीही लाज थोडी राखली गेली. पण ऐंशीव्या वर्षीचा पुरस्कार काही घडवत नाही, जे घडले त्याला नमस्कार करतो. पंधराव्या वर्षीचा घडवतो. म्हणून पंधराव्या वर्षी नाव देताना कुठे त्याने सर्वांत जास्त घडेल, हा विचार गैर नाही.

उलट निव्वळ ‘कोण पहिला’ याच्यामागे लागले की काय होते, ते केरळने पाहिले आहे. तिथला शालेय कलोत्सव १९५७ साली एर्नाकुलमला सुरू झाला आणि वाढत वाढत हजारो मुलांचा झाला. १९८६ पासून तिथे सर्वाधिक गुण मिळवणाऱ्या मुलीला ‘कलातिलकम’ आणि मुलाला ‘कलाप्रतिभा’ असे किताब देत. मंजू वॉरियरसारख्या नट्या त्या मांडवातून पुढे आल्या. पण किताबांपायी पालकांची चढाओढ, पोशाखांवरचा खर्च आणि निकालांवरची भांडणे इतकी वाढली की, या शतकाच्या पहिल्या दशकात ते किताब बंद करून श्रेणी द्यायची पद्धत आणावी लागली. तरीही निकालाविरुद्धची अपिले न्यायालयापर्यंत जात राहिली. कलेचा एवढा मोठा उत्सव दुसऱ्या राज्यांनी हेवा करावा असाच आहे. त्यातून शिकण्यासारखी गोष्ट एवढीच की, पहिला नंबर एक असला की बाकी सगळे हरलेले ठरतात.

राष्ट्रीय बाल भवनाने १९९५ मध्ये ‘बालश्री’ सन्मान सुरू केला, त्याची रीत मला जास्त भावते. तिथे घोटून आणलेला नाच नव्हे, तर आयत्या वेळी दिलेल्या विषयावर मूल काय सुचवते, ते पाहण्यावर भर होता. पोशाख आणि पाठांतर गळून पडते आणि उरते ते मूल.

तर मुलाचे नाव गेले आणि अभिप्रायाच्या चार ओळी माझ्या वाट्याला आल्या. अशा ठिकाणी आपण शिक्षक सवयीने काय लिहितो? ‘सदर विद्यार्थी अत्यंत गुणी, नम्र, आज्ञाधारक असून त्याचे भवितव्य उज्ज्वल आहे.’ हे वाक्य कुणाच्याही नावापुढे चिकटवता येते, म्हणून ते कुणाचेच नसते. मी लिहिले, ‘याचे शास्त्रीय शिक्षण झालेले नाही. तबला थांबल्यावर हा बारा आवर्तने लय न सोडता नाचला, हे आम्ही दोघा शिक्षकांनी पाहिले. त्याचे नृत्य रिंगणाचे आहे. तो एकटा दिसेल तेव्हा भोवतीचे रिंगण आहे असे धरून पाहावे. तो ते सोबत घेऊनच नाचतो.’ चार ओळी भरल्या.

मुलगा निवडीच्या शेवटच्या फेरीपर्यंत गेला. पुरस्कार दुसऱ्या शाळेच्या भरतनाट्यम करणाऱ्या मुलीला मिळाला आणि ती खरोखरच सरस होती. याला उत्तेजनार्थ प्रशस्तिपत्र मिळाले. तो गेला तसा परत आला, पण त्याच्या वडिलांनी शाळेत येऊन माझ्याकडे अर्जाची प्रत मागितली. त्या आधी ते म्हणत, ‘नाच गणपतीपुरता बरा, बाई. पोराचं आयुष्य त्यात नाही.’ त्या दिवशी त्यांनी चार ओळी उभ्यानेच दोनदा वाचल्या आणि एवढेच म्हणाले, ‘आमच्या रिंगणाचं लिहिलंत.’ प्रत घडी करून खिशात ठेवली.

हे सांगताना त्या मुलीला विसरून चालणार नाही, कारण या लेखातली खरी गोष्ट तिची आहे. निर्णय कळल्यावर ती रडली नाही, रुसली नाही, एकही तास चुकवला नाही. आई मात्र दुखावली होती. ‘नऊ वर्षं तुमच्याकडे आहे हो ताई,’ एवढेच त्या म्हणाल्या आणि त्या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. पंधरा-वीस दिवसांनी वर्ग सुटल्यावर घुंगरू सोडता सोडता मुलीने विचारले, ‘ताई, माझं नाव गेलं असतं तर तुम्ही त्या चार ओळींत काय लिहिलं असतं?’

तिला पुरस्कार नको होता. पुरस्काराच्या निमित्ताने तिच्याबद्दल जे लिहिले गेले असते ते हवे होते. नऊ वर्षे मी तिला ‘पाय नीट टाक’, ‘मान सरळ’, ‘पुन्हा’ एवढेच सांगत आले होते. आपल्या गुरुपरंपरेत तोंडावर स्तुती करत नाहीत, ती रीत मला मान्य आहे. पण स्तुती आणि साक्ष यांत फरक आहे. ‘तू छान नाचतेस’ ही स्तुती. ‘लय सुटली तेव्हा तू घाबरली नाहीस, एक आवर्तन ऐकलंस आणि मग परतलीस, हे मी पाहिलं’ ही साक्ष. पहिलीने डोके फिरते, दुसरीने पाय जमिनीवर टेकतात. मी तिला त्याच रात्री तिच्याबद्दलच्या ओळी लिहून दिल्या, तारीख घालून, सहीनिशी. कुठल्याही अर्जाला न जोडता.

तेव्हापासून मी शिफारशीच्या मोसमात एक काम वाढवून घेतले आहे. नाव एकाचेच जाते, पण ज्यांचा ज्यांचा विचार झाला त्या प्रत्येकाला मी चार ओळी लिहून देते. त्यांत विशेषण घालत नाही. काय पाहिले तेवढेच लिहितो आम्ही तिघे शिक्षक. ‘मागच्या रांगेत उभी राहून पुढच्या मुलीची चूक झाकली.’ ‘राधा करताना डोळे मोठे केले नाहीत, नुसती मान वळवली आणि कृष्ण कुठे उभा आहे ते कळले.’ ‘पाय दुखावलेला असताना तीन आठवडे वर्गात बसून टाळी धरली, एकही मात्रा चुकवली नाही.’ एका मुलामागे दहा मिनिटे लागतात. खर्च कागदाचा.

दहावीनंतर किती मुलींचे घुंगरू कपाटात जातात, हे नृत्य शिकवणाऱ्या प्रत्येकीला माहीत आहे. अभ्यास, क्लास, प्रवेश, सगळे खरे आहे. पण कधी कधी असेही होते की, तू यात नेमकी कोण आहेस, हे तिला कुणी सांगितलेलेच नसते. बक्षीस मिळाले नाही म्हणजे आपल्यात काही नाही, असा हिशेब ती स्वतःच मांडते आणि आपण तो खोडून काढत नाही. मुलांच्या बाबतीत तर नाचतो हे सांगायचीच चोरी.

पुरस्कार देणाऱ्या संस्थांना माझे मागणे थोडके आहे. बक्षिसांचा रकाना लहान करा आणि अभिप्रायाची जागा मोठी करा. शिकवणाऱ्यालाच निवडायला बसवू नका. समूहाच्या नृत्याला समूहाचे नाव पाठवायची मुभा ठेवा. आणि वाचकहो, तुमच्या घरी नाचणारे मूल असेल तर पुढच्या गॅदरिंगची वाट पाहू नका. एखाद्या साध्या संध्याकाळी त्याच्या तालमीला जाऊन मागच्या भिंतीशी पाऊण तास गप्प बसा. फोटो काढू नका. घरी आल्यावर जे दिसले त्यातली एक गोष्ट त्याला सांगा, एकच, पण नेमकी.